कुर्की सरोवरावरची ओळ

ट्रेमध्ये उतरलेल्या तेलाकडे आम्ही दोघे बघत होतो. शेडच्या पत्र्यावरून बर्फाचा एक थर घसरून बाहेर आपटला, तरी वेइक्कोंनी मान वर केली नाही. तेल पांढुरकं होतं, दूध घातलेल्या कॉफीसारखं. इंजिनात पाणी शिरल्याशिवाय तेलाला असा रंग येत नाही, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

गाडी त्यांची होती, शेड माझं. दर वर्षी थंडी पडू लागली की त्यांची एटीव्ही, जाड चाकांची ती उघडी चारचाकी, माझ्याकडे हिवाळ्यासाठी तयार व्हायला येते, आणि ती इतर सगळ्यांच्या आधी तयार करून द्यावी लागते. कारण कुर्की सरोवर गोठलं की त्यावर पहिली चाकं त्यांची फिरतात. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, जाडी मोजायची, त्या भोकात स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं कमरेएवढं रोप उभं करायचं आणि शंभर पावलं पुढे जायचं. पलीकडच्या काठापर्यंत अशी ओळ उभी राहिली की तो आमचा हिवाळ्यातला रस्ता. एरवी सरोवराला वळसा घालून नव्वद मैल. त्या ओळीवर दुसऱ्या कुणी गिरमिट चालवायचं नाही, असा रिवाज आहे. ओळ लावणाऱ्याला तोंडावर खोटा म्हटल्यासारखं होतं ते.

माझा नवरा उर्हो मागच्या डिसेंबरात, ओळ लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तिच्यावरून निघाला. त्यानेही मोजलं नाही. सरोवरातल्या बेटाच्या पुढे तिसऱ्या झाडापाशी बर्फ फाटला. "त्या झाडाखाली बर्फ अकरा इंच होता, मी स्वतः मोजला होता," असं वेइक्को त्याला खांदा देताना म्हणाले. मी मान हलवली. विश्वास ठेवला नाही.

तरी यंदा गाडी आली तेव्हा मी माझं काम नेहमीसारखं केलं. उन्हाळ्याचं जाड तेल काढून हिवाळ्याचं पातळ तेल भरलं. रेडिएटरमधलं पाणी उणे चाळीसपर्यंत गोठणार नाही याची खात्री केली. ब्रेकच्या केबली सुकवून त्यांना ग्रीस दिलं, चाकांवर साखळ्या चढवल्या, बॅटरी काढून स्वयंपाकघरात उबेला ठेवली. दुसऱ्या सकाळी सहज डिपस्टिक ओढून पाहिली. तेल पांढरं. साखळ्यांच्या कड्यांत बर्फ अडकलेला, आणि सीटखाली स्प्रूसच्या सुया, हिरव्या, आत्ताच तोडल्यासारख्या.

पहिला संशय त्यांचाच आला. शेडची एक किल्ली उर्होने त्यांना केव्हाची देऊन ठेवली होती. मी कुलूप बदललं, तेल बदललं, चारही चाकं काढून गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. तिसऱ्या सकाळी तेल पुन्हा पांढरं होतं, आणि भिंतीशी रचलेल्या चाकांच्या साखळ्यांतून पाणी ठिबकत होतं. मग मी त्यांना बोलावून घेतलं.

"नव्या कुलपाचीही किल्ली करून घेतलीत वाटतं," शेवटी मीच म्हणाले.

त्यांनी तेल बोटावर घेऊन चोळलं, हुंगलं. "सरोवराचं पाणी. माझ्या गाडीत सरोवराचं पाणी, गाडी तुझ्या कुलपात, आणि वर चोर मी." बोट त्यांनी चिंधीला पुसलं. "चाकं नसलेली गाडी फिरवून आणायची विद्या माझ्यापाशी नाही, लेम्पी. ती तुझ्या बापाकडे होती. त्याने तर मला इंजिन नसलेली विकली होती."

हा विनोद ते दर वर्षी करतात. या खेपेला दोघांपैकी कुणीच हसलं नाही. मी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत होते, नेमक्या त्याच नजरेने ते माझ्याकडे पाहत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

तेवढ्यात काइसा कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन आत आली. माझी मुलगी पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात नर्स आहे. सुट्टीला घरी आली होती आणि ओळ लागण्याची वाट पाहत थांबली होती. तिने वेइक्कोंच्या पाठीवर थोपटलं.

"काका, यंदा अगदी गुपचूप लावलीत ओळ. उद्या सकाळी निघते मी. पहिली गाडी माझी."

"कसली ओळ?" वेइक्कोंनी विचारलं.

"आता माझीच फिरकी घ्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतेय की."

वेइक्कोंनी शेडमधलं माझं गिरमिट उचललं आणि आम्ही तिघं खाली सरोवराच्या लाकडी धक्क्यावर गेलो. भर दुपार होती. उन्हाला उजेड होता, ऊब नव्हती. सरोवराने बर्फ धरून तीनच दिवस झाले होते. त्यावर दर शंभर पावलांवर एक, अशी स्प्रूसची रोपं ताठ उभी होती. पहाटे भुरभुरलेलं हिम त्यांच्याभोवती अखंड पसरलं होतं. त्यावर चाकाची रेघ नव्हती, बुटाचा ठसा नव्हता. कोल्ह्याचं पाऊलसुद्धा नव्हतं.

पहिलं झाड धक्क्याला लागूनच होतं. वेइक्को गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी फळीवरूनच त्याच्या बुंध्याशी गिरमिट टेकवलं. दोन वेढे फिरवले नाहीत तोच पाणी वर आलं.

जेमतेम दोन बोटं बर्फ. त्याने कुत्र्याचंही वजन पेललं नसतं.

काइसाच्या हातातला कप तिरपा झाला होता आणि तिला ते कळत नव्हतं. "मी मोजलं नसतं," ती म्हणाली. "तुमची ओळ म्हणून मी मोजलं नसतं."

ओळ बेटापर्यंत सरळ गेली होती. तिथून ती पलीकडच्या काठाला न जाता डावीकडे वळत होती, आणि उर्हो जिथे बुडाला तिथे संपत होती.

वेइक्को उठले नाहीत. पाण्याकडे बघतच बोलले.

"मागल्या वर्षी मी बेटापर्यंतच गेलो होतो, लेम्पी. पुढची झाडं आधीच उभी होती. मला वाटलं, उर्होने हातभार लावला असेल. दुसऱ्याने लावलेल्या ओळीवर मोजायचं कसं? आणि नंतर, ती माझी नव्हती असं म्हणायची लाज वाटली."

म्हणजे अकरा इंच खोटे होते. वर्षभर ज्या वाक्याची मी वाट पाहिली ते माझ्यापुढे आलं होतं, आणि त्याचं काय करायचं ते मला सुचेना.

"मग लावली कुणी?" मी विचारलं. गिरमिट परत घ्यायला हातमोजे काढून हात पुढे केला.

त्यांनी गिरमिट दिलं नाही. ते माझ्या हाताकडे पाहत राहिले, म्हणून मीही पाहिलं. तळव्याच्या रेषांत राळ बसली होती, पिवळी, चिकट. नखांखाली हिरव्या सुयांचे तुकडे होते. त्या आठवड्यात मी एकाही झाडाला हात लावला नव्हता.

"मागल्या वर्षीही," ते सावकाश म्हणाले, "मी ओळ लावायला निघालो त्या सकाळपर्यंत गाडी तुझ्याच शेडमध्ये होती."

काइसा माझ्यापासून एक पाऊल मागे सरकली.

"यंदा कुणासाठी लावलीस, लेम्पी?"

मी हातमोजे चढवले. वळले आणि घराकडे चालू लागले. पाठीमागे काइसा हाका मारू लागली, आधी अगदी जवळून, मग लांबून, मग फारच लांबून. शेजारून स्प्रूसचं एकेक रोप मागे पडत होतं, आणि घराची चढण अजून लागली नव्हती.