बाराव्या घरची ओळ

बहात्तरच्या डिसेंबरातली गोष्ट. दुष्काळाचं वर्ष. शाळा सकाळची असे, आणि दुपारी आम्हा शिक्षकांना खडी फोडण्याच्या कामावर हजेरी घ्यायला धाडत. उन्हात चारशे नावं पुकारायची. संध्याकाळी मला कुणी हाक मारली तरी ओ द्यायचं त्राण उरत नसे.

त्यातच आमच्या चर्चच्या गीतांचं नवं पुस्तक निघणार होतं, आणि एका नाताळगीतावरून वाद पेटला होता. 'पहिल्या घरी लिंब दारी, दुसऱ्या घरी काळी शेळी' अशी एकेक घर मोजत जायचं आणि 'बाराव्या घरी पाळणा हले' म्हणून थांबायचं, असं ते गीत. पाळकसाहेब म्हणत, कुण्या मडमेनं रचलंय. लिंब म्हणजे क्रूस, काळी शेळी म्हणजे पाप, आणि पाळणा तर उघडच बाळ येशूचा. पेटी वाजवणारे गुरप्पा म्हणत, छे, हे विणकर बायकांचं तेलुगू गाणं, बारा घरं म्हणजे मागवाल्यांची गल्ली. शेवटी काशम्माला विचारायचं ठरलं, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

काशम्मा ऐंशीची. जुन्या मोठ्या दुष्काळात चर्चच्या अनाथाश्रमात आली आणि तिथंच म्हातारी झाली. आश्रम कधीचाच बंद पडलेला. मुलींच्या लांबलचक खोलीच्या एका टोकाला तिची खाट, बाकीच्या लोखंडी खाटा ओळीनं तशाच रिकाम्या. मी गेले तेव्हा दिवस मावळत होता. खोलीत गंजाचा आणि जुन्या गोधड्यांचा वास कोंडलेला होता.

मी वाद सांगितला. ती दात नसलेल्या तोंडानं जरा हसली.

"मडमेचं न्हाय, मागवाल्याचं बी न्हाय. आमचं हाय ते. आमी बारा पोरी हितं निजायचो. राकेल न्हवतं. आश्रमाची बाई आमाला अंधारात मोजायची कशी? म्हून आपापल्या घरी जे व्हतं ते जिनं तिनं खाटंवरनं म्हणायचं. बारा ओळी झाल्या की बाई दार लावायची."

"मग पाळणा...?"

"माजा. आत माजा भाऊ. हालत न्हवता तो. मीच हलवायची."

मी वही मिटली. ती बोलतच राहिली.

"मग पटकी आली. एकेक ओळ गळाय लागली. बाई रडायची. तिला बरं वाटावं म्हून उरलेल्या पोरी गेलेल्यांच्या ओळी म्हणायच्या. शेवटाला बाराच्या बारा म्या एकटीनं म्हणल्या. दोन रात्री. तिसऱ्या राती पहिलीसाठी तोंड उघडलं, आन्... पल्याडच्या खाटंवरनं ती आली."

"रिकाम्या खाटेवरून?"

"व्हय की. अकरा झाल्या. मग म्या माजी म्हणली. सत्तर वरसं म्हणतीया, बाई. लई दमले." तिनं माझं मनगट धरलं. हात कोरडा, गार. "आज माजा गळा बसलाय. येवडी एक ओळ तू म्हण."

म्हातारीचं मन राखायला मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर उठून जायचीही ताकद नव्हती.

बाहेरचा उजेड गेला, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी म्हणालं, "पहिल्या घरी लिंब दारी..."

गाणं नव्हे ते. हजेरीला कंटाळलेलं पोर ओ देतं, तसा पेंगुळलेला आवाज. मग दुसरा. मग अलीकडच्या खाटेवरून तिसरा. एकेक खाट ओलांडत ते जवळ येत होतं. अकरावी ओळ माझ्या पाठीशी, हातभर अंतरावर झाली.

मग शांतता. अकराजणी थांबलेल्या... वाट बघत.

मी पुटपुटले, "बाराव्या घरी पाळणा हले."

खोलीभर कुशी वळल्याचा आवाज झाला. खाटा करकरल्या. काशम्माची पकड सैल झाली. ती गाढ झोपली होती.

सकाळी तिला उठवायला गेलेल्या शेजारणीला ती थंड पडलेली सापडली.

मी समितीला 'मूळ अज्ञात' असं लिहून दिलं. पाळकसाहेब आणि गुरप्पा दोघांनाही ते चाललं. नाताळाला सगळ्यांनी गीत म्हटलं. मी तोंड मिटून उभी राहिले. घरी आले, दिवस मावळला, आणि माझ्या एकटीच्या खोलीत अकरा ओळी झाल्या. बारावी मी म्हटली. तेव्हापासून रोज म्हणते. सात वर्षं झाली. बदली मागून घेतली, घर बदललं. काही उपयोग नाही. भीती कधीच सरली, उरलाय तो शीण.

परवा मला ताप होता. घसा असा धरला की चकार शब्द फुटेना. अकरावी ओळ झाली, ती शांतता पसरली, आणि मी नुसतेच ओठ हलवत पडून राहिले. कधी डोळा लागला कळलं नाही.

सकाळी शेजारची अक्कम्मा पेज घेऊन आली. भिंतीपलीकडून तिला रोज फक्त माझीच ओळ ऐकू येते. ती तिला माझी प्रार्थना समजते.

"बाई, काल पाळण्याच्या म्होरं आनिक एक म्हणलात की," ती म्हणाली. "तेराव्या घरी पिवळी कण्हेर."

मी मानेनंच नाही म्हटलं.

"आवाज तुमचाच व्हता की वो."

मंगळवेढ्याला, माझ्या माहेरी, न्हाणीमागं पिवळी कण्हेर होती. तिच्या बिया खाऊन माझी धाकटी बहीण गेली. बिया मी सोलून दिल्या होत्या. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.