क्रूझच्या दिवशी दार वाजलं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढे जा. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

मे महिन्यातला मंगळवार होता. भर दुपार. गाव ओंफ्लर, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं आमचं जुनं बंदर.

हो, दुपारच. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्या दारी अजून कुणी आलेलं नसावं.

माझं नाव मारीझ. जुन्या गोदीच्या काठाला उंच, चिंचोळी घरं आहेत. त्यातल्या एका घरात माझा जन्म झाला. आता त्याच घरात मी परक्यांच्या चादरी बदलते आणि त्यांचे संडास घासते. कारण माझ्या धाकट्या भावाने, रेजिसने, ते घर पर्यटकांना भाड्याने द्यायला काढलंय. आणि आईला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं.

"रिकामं घर काय चाटायचंय?" म्हणाला.

आई भांडली नाही. तिने एकच गोष्ट मागितली.

"दाराला कुलूप लावू नका."

माझा बाप मासेमारीला जायचा. ल्युसियाँ त्याचं नाव. मी बारा वर्षांची असताना नदीच्या मुखाशी त्याची बोट बुडाली. सोबतचा गडी सापडला. बाप सापडला नाही. प्रेत नाही, टोपी नाही, काहीच नाही.

त्या दिवसापासून आईने दाराला कधी कडी लावली नाही.

"त्याच्याकडे किल्ली नाहीये," ती म्हणायची. "आला तर बिचारा दारात ताटकळेल. आला की मी त्याच्याबरोबर जाणार. तेवढ्यासाठीच जगतेय मी."

रेजिसने काय केलं? आकडे दाबायचं कुलूप बसवलं. नंबर पर्यटकांच्या फोनवर. आईला पत्ताच नाही.

मी भेटायला गेले की ती दर वेळी विचारायची, "दार उघडं आहे ना गं?"

"हो आई, उघडंच आहे."

दुसरं काय सांगणार होते?

आता एका पट्टीचं सांगते. आमच्या दाराशेजारी भिंतीत एक लोखंडी पट्टी आहे, बुटांचा चिखल खरवडायची. ओहोटीला नदीच्या मुखाशी काळाकुट्ट चिखल उघडा पडतो. बाप तो चिखल घेऊन यायचा आणि आई घर डोक्यावर घ्यायची. म्हणून तो आधी पायरीवर थांबायचा. डावा बूट घासायचा, मग उजवा, मग पुन्हा डावा. डाव्यावर त्याचा भरवसा नव्हता.

खर्र... खर्र... खर्र.

मग दाराची मूठ दाबून सरळ आत. दार त्याने कधी वाजवलं नाही. आपल्याच घराचं दार कोण वाजवतं?

तर त्या मंगळवारी बंदरात पर्यटकांची क्रूझ लागली होती. क्रूझ लागली की गावाची जत्रा होते. गळ्यात बोटीच्या ओळखपत्रांचे पट्टे अडकवलेली माणसं गोदीभोवती फिरतात, आमच्या घरांचे फोटो काढतात, एक आइस्क्रीम चौघांत खातात. आणि सगळ्यांना एकदमच लागते! मग दिसेल ते दार वाजवतात.

समोर जोझियानचं धिरड्यांचं दुकान आहे. ती खुर्ची टाकून दारातच बसली होती.

"काय गं मारीझ, तुझ्याकडे आज किती गिऱ्हाइकं?" तिने ओरडून विचारलं.

"विचारूच नकोस! आत्ताच एक बाई पाय आवळून उभी होती."

"मग सोडलंस आत?"

"सोडते काय! म्हटलं, तुमच्या बोटीवर आहेत ना संगमरवरी संडास? तिथे जा. आपल्या बोटीवर जा!"

जोझियान पोट धरून हसली. मीही हसले.

ते हसू आठवलं की अजून तोंड कडू होतं.

जेवणाच्या सुमारास धुकं आलं. मी वरच्या खोलीत, आईच्या जुन्या खोलीत, गादीवर चादर ओढत होते. खिडकी उघडी होती. खाली नेहमीचा गोंगाट.

आणि मग...

खर्र.

मी तशीच थांबले.

खर्र... खर्र.

वाटलं, कुणाचा तरी पाय कुत्र्याच्या घाणीत पडला असेल. खिडकीतून वाकून पाहिलं. पायरीवर कुणीच नव्हतं.

मी चादरी बगलेत मारल्या आणि जिना उतरू लागले. अर्ध्यात आले असेन, तेव्हा काहीतरी चुकतंय असं वाटलं.

आवाज थांबले होते.

माणसांचे, कपबश्यांचे, सगळेच. आमच्याकडचे समुद्रपक्षी मेल्या माणसालाही झोपू देत नाहीत... तेही गप्प.

दाराची मूठ खाली गेली.

सावकाश. मग वर आली. मग पुन्हा खाली गेली... आणि तशीच राहिली. बाहेरच्याला जणू कळतच नव्हतं, दार का उघडत नाही.

"इथे संडास नाही!" मी ओरडले.

मूठ वर आली.

मग दार वाजलं. अगदी हळू. परक्याच्या घरी अवेळी जावं लागलं की माणूस ओशाळून वाजवतो ना, तसं.

माझं डोकंच फिरलं. सकाळपासून राबत होते. वर दोन खाटा बाकी होत्या. आणि ही माणसं!

"कळत नाही का एकदा सांगितलेलं? तुमचं इथे काहीही नाही. जा, आपल्या बोटीवर जा!"



मग पावलं. जड, पाण्याने भरलेल्या बुटांची. पचक... पचक... ती क्रूझच्या धक्क्याकडे गेली नाहीत. समोर गेली. गोदीच्या पायऱ्यांकडे, पाण्याकडे.

आणि एकदम सगळा गोंगाट परत आला.

मी दार उघडलं. पायरी ओलीचिंब होती. पट्टीवर काळा चिखल होता, ताजा, खाली ओघळणारा. बोट लावलं तर बर्फासारखा गार.

डावा. उजवा. पुन्हा डावा.

चादरी मी पायरीवरच टाकल्या.

मी धावत काठाशी गेले. खाली नुसतं पाणी. एकही तरंग नाही.

"बाबा!" मी ओरडले. या वयाची बाई, एप्रन घातलेली, भर गर्दीत. "बाबा! दार उघडते! परत या!"

गळ्यात पट्टा अडकवलेल्या एका माणसाने माझा फोटो काढला.

जोझियान धावत आली. "काय झालं गं? कुणाला हाका मारतेस?"

"माझ्या दाराशी कोण होतं? तू इथेच बसली होतीस ना?"

"कुणीच नव्हतं. तूच आतून एकटी ओरडत होतीस. मला वाटलं, रेजिसशी फोनवर भांडतेयस."

"ती पायरी बघ!"

तिने पाहिलं. मग क्रूसाची खूण केली आणि दुकानात निघून गेली. त्या दिवसानंतर तिने हा विषय काढू दिलेला नाही.

संध्याकाळी भोंगा वाजला आणि क्रूझ सुटली. मी टेकडी चढून आईकडे गेले. तिला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. म्हातारं माणूस, कशाला जिवाला घोर?

ती खुर्चीत बसली होती. निळा कोट, टोपी, ओठांना लाली. मांडीवर पर्स.

नर्स हळूच म्हणाली, "सकाळपासून अशाच बसल्यात. जेवल्या नाहीत. म्हणतात, नवरा घ्यायला येतोय."

मी जवळ गेले. आईने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. त्यापेक्षा दोन मुस्कटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुझा बाप आला होता."

"आई..."

"बूट घासले त्याने. इतक्या वर्षांनीसुद्धा घासले. आणि तू त्याला काय म्हणालीस?"

मी तिच्या मांडीवरची पर्स उचलून घेतली.

"'तुमचं इथे काहीही नाही,' म्हणालीस. 'आपल्या बोटीवर जा,' म्हणालीस." ती टोपी काढू लागली. मला मदत करू दिली नाही. "भिडस्त माणूस गं तो. कुणी जा म्हटलं की निघालाच. गेला तो... आपल्या बोटीवर."

हे शब्द तिला कुणी सांगितले? वृद्धाश्रम टेकडीवर आहे. मी दाराआड होते. दिवसभर तिला भेटायला कुणी आलं नव्हतं, मी नर्सला दोनदा विचारलं.

"दार उघडं आहे म्हणाली होतीस ना मला?" आई म्हणाली.

माझ्याशी तिचं ते शेवटचं बोलणं. त्यानंतर मी गेले की ती भिंतीकडे तोंड करायची. पानगळीच्या दिवसांत ती गेली. तिला न्यायला कुणी आलं होतं असं काही मला दिसलं नाही. एकटीच गेली.

ते कुलूप मी हातोडीने तोडलं. रेजिस थयथयाट करत आला.

"वेड लागलंय तुला! त्या दारातून पर्यटक आत घुसतील!"

"घुसू देत."

"घराची धर्मशाळा करणार आहेस का?"

"तू लॉज केलंच होतंस की. आता चालता हो."

आता क्रूझ लागली की मी दार सताड उघडं टाकून पायरीवर बसते. क्रूझवरची माणसं येतात, संडास विचारतात. मी कुणालाच नाही म्हणत नाही. एखाद्या म्हाताऱ्याला खुर्चीसुद्धा देते. ते मला वेडी समजतात आणि माझा फोटो काढतात.

पट्टीवरचा चिखल मी धुतलेला नाही. दोन उन्हाळे गेले. सकाळी आले की रोज बोट लावून बघते.

अजून ओला आहे.

म्हणजे तो पुन्हा येईल, असं मन म्हणतं.  तो बूट घासेल, मूठ दाबेल, आत येईल आणि आईला हाक मारेल.

मग मी त्याला काय सांगू?