मानेचा पट्टा

जॉन्सनव्हिलच्या चर्चमागच्या उतारावरून एक सुका भोपळा खुळखुळत खाली आला आणि अनुयाच्या जॅण्डल्सपाशी, म्हणजे रबरी चपलांपाशी, थांबला.

"आता भोपळेही पळायला लागले," ती स्वतःशीच पुटपुटली.

"वाद्य आहे ते." वाऱ्याने केस उभे राहिलेला एक तरुण धापा टाकत समोर आला, आणि या परक्या देशात चक्क मराठीत बोलला. "आत बिया आहेत. झिम्बाब्वेत याला होशो म्हणतात."

"आणि तुम्हाला काय म्हणतात?"

"शंतनू... पुण्यात तबला वाजवायचो. इथे भोपळा."

दोघेही चर्चच्या एकाच कॉयरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, तालमीला निघाले होते. कॉयरला हातांच्या इशाऱ्यांनी गाववणाऱ्या, हरारेहून आलेल्या रुडोबाईंनी चर्चमधल्या जुन्या लॅटिन प्रार्थनेला आपल्या गावच्या ढोलाची आणि होशोची साथ दिली होती.

अडचण निघाली ती शंतनूच्या मानेची. ताल फिरून पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर आला, की तबलजीची मान आपोआप हलते. कॉयरमध्ये मात्र मान हलवून गाणे थांबवतात. त्यामुळे शंतनूने सम घेतली की मागचे टेनर, म्हणजे उंच आवाजाचे पुरुष, ओळ अर्धी टाकून गप्प.

"बाळ, भोपळा हलव, डोकं नको," रुडोबाई म्हणाल्या. "पुन्हा हललं तर होशो दुसऱ्याला."

शंतनूचा चेहरा उतरला. होशो गेला की गुरुवारची तालीम गेली... आणि गुरुवार गेला की अनुया गेली.

अनुया हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती; पुढच्या गुरुवारी तिने पिशवीतून मानेचा पट्टा काढला.

"हनुवटी वर कर." तिची गार बोटे त्याच्या मानेला लागली. "घट्ट झाला का?"

"नाही... पण आता तुझ्याकडे बघायला मला अख्खं वळावं लागेल."

"मग वळू नकोस."

तो वळला.

अपघात झाला असे समजून कॉयरमधल्या आजीबाई त्याच्यासाठी स्कोन्स, म्हणजे छोटे गोडसर पाव, आणू लागल्या. तो ते निमूटपणे खायचा.

कॉन्सर्टच्या दिवशी ढोलवाल्याला ताप आला. रुडोबाई स्वतःच ढोलाला बसल्या, आणि अनुयाला हाताने इशारा द्यायला कोणी उरले नाही. प्रार्थनेची पहिली हाक तिला एकटीने गायची होती, मग सगळे तिला उत्तर देणार होते. टेनर गुणगुणत होते, ताल फिरत होता. एकदा फिरला, पुन्हा फिरला... तिला शिरायला जागाच सापडेना. ती पांढरीफटक पडली.

शंतनूने पाहिले. मान हलवली तर होशो जाणार — न हलवली तर अनुया तशीच उभी राहणार.

चर्रर्र. भरल्या चर्चमध्ये त्याने ओढून सोडवलेला पट्ट्याचा वेल्क्रो फाटल्यासारखा वाजला. सम आली. त्याने मान हलवली.

अनुयाचा आवाज उठला. टेनर सवयीने गप्प झाले, आणि त्या शांततेत फक्त तिची हाक, ढोल आणि बियांची सळसळ उरली. मग टेनर दचकून जागे झाले आणि सगळ्यांनी मिळून उत्तर दिले.

"मान हलवलीस," नंतर रुडोबाई म्हणाल्या.

"हो." त्याने होशो पुढे केला.

"ठेव. पुढच्या वेळीही तिथेच हलव. ती शांतता मला हवी आहे."

बाहेर तोच उतार, तोच वारा.

"अनुया, गुरुवार सोडून... बाकीच्या दिवशीही भेटशील? म्हणजे... मला तू आवडतेस."

तिने त्याच्या हातातला पट्टा घेतला, स्वतःच्या गळ्याभोवती नीट बसवला आणि समोरच्या टेकडीकडे बघत राहिली. शंतनू भोपळा पोटाशी धरून उभा.

"आता मला होकारार्थी मान हलवता येत नाही," ती म्हणाली.

"मग?"

चर्रर्र.