आंधळ्या उंदरांची नजर

२००४ साली मी कोल्हापुरातल्या एका खाजगी संशोधन संस्थेत उंदीर वाढवत होते. पीएच.डी. झाल्यावर, पगार घेऊन. डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणे. आम्ही उंदीर पोखरत होतो आणि डोंगराची वाट बघत होतो.

आमचे उंदीर साधे नव्हते. त्यांच्यातलं एक जनुक मुळातच काढून टाकलेलं होतं. ते नसलं की डोळ्याच्या पडद्यात रक्तवाहिन्या पसरत नाहीत, पडदा उपाशी राहतो आणि पिल्लू आंधळंच वाढतं. ज्या भावंडांत ते जनुक शाबूत, ती डोळस. दोघांचे पिंजरे शेजारी शेजारी, खाणं एक, भुसा एक. पडदा काढून काचेवर पसरला की डोळसाचा जाळी पडलेल्या पिंपळपानासारखा दिसे. आंधळ्याचा जवळजवळ कोरा.

माझ्या आईला, पद्मावतीबाईंना, हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. "जैनाच्या घरात मुंगी मरू देत न्हाईत, आन् तू उंदरांचं डोळं काढतीस व्हय गं?" असं ती चारचौघांत विचारायची. मग माझ्या भावाला, सम्मेदला, सातव्या महिन्यातच मुलगी झाली. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या पडद्यातल्या वाहिन्या अर्ध्यावरच असतात. पुढे वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटतो. बाळी हुपरीला घरी आली, अंगानं भरली, पण तिला दिसतं का हे कोणी ठाम सांगेना. आमच्या घरातच पैंजणांचा कारखाना. कोणी पैंजण वाजवलं की बाळी मान वळवायची आणि आई हरखून जायची. आवाजाला वळणं म्हणजे दिसणं नव्हे, हे मी तिच्या तोंडावर सांगितलं. मला तशी गोड बोलायची सवय नाही. त्या दिवसापासून आईने उंदरांवरून बोलणं बंद केलं आणि मी दुप्पट काम करू लागले. बाळीसाठी काहीतरी हाती लागायलाच हवं होतं.

एका सकाळी भुसा बदलायला गेले, तर आंधळे उंदीर सगळेच्या सगळे एका दिशेला तोंड करून बसलेले. कुरतडणं नाही, खुडबुड नाही. नाकं किंचित वर, मिशा स्थिर. शेजारची डोळस भावंडं मात्र एकमेकांच्या अंगावर पडून गाढ झोपली होती.

आमचे पशुवैद्य प्रसेनजीत यांनी पिंजरा अर्धा फिरवून ठेवला. उंदरांनी सावकाश अंगं वळवली आणि पुन्हा त्याच भिंतीकडे तोंडं केली.

"आवाज असंल मॅडम," ते म्हणाले. "आपल्याला येत न्हाई असलं बारीक ऐकू येतंय त्यांना."

"मग डोळस कसे झोपलेत? कान सगळ्यांचे सारखेच आहेत. नाकंही."

मी हट्टाला पेटले. एसी बंद केला. पलीकडची पाण्याची मोटर बंद करायला लावली. भिंत स्पिरिटने पुसली. फरक इतकाच पडला, की दुसऱ्या दिवशी उंदरांनी दिशा बदलली.

मग मी दोन पिंजरे खोलीच्या दोन टोकांना ठेवले आणि उंदरांच्या नाकांच्या रेषेत शिवायचे दोरे ताणले. दोरे एकमेकांना मिळाले ते दाराच्या आत, साधारण माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. तिथे काही नव्हतं. मी हात फिरवून पाहिला. ऊब नाही, गारवा नाही, वासही नाही.

त्यानंतर ती जागा सरकत राहिली. बेसिनपाशी आली. मग कपाटापाशी. मग माझ्या टेबलाजवळ.

मी भ्यायले नव्हते असं नाही, चांगलीच भ्यायले होते. पण डोळसाला दिसत नाही असं काहीतरी आंधळ्याला कळत होतं. ते काय आहे हे समजलं, तर बाळीसाठी एखादी वाट सापडेल, ही आशा भीतीपेक्षा मोठी होती. म्हणून शनिवारी मी स्टुलावर बसून राहिले आणि दोरे प्रसेनजीतना धरायला लावले.

"कुठे मिळतात?" मी विचारलं.

"तुमच्याजवळ."

"जवळ म्हणजे?"

"डाव्या खांद्याच्या मागं."

मी उठून दाराकडे चालू लागले. उंदरांची तोंडं माझ्याबरोबर फिरली. मी थांबले, तशी तीही थांबली.

"मॅडम, आज हुपरीला जाऊ नका," प्रसेनजीत म्हणाले. त्यांनी दोरे खाली टाकले होते.

"का? एसटीत दोन तिकिटं काढावी लागतील म्हणून?"

ते हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही. पण भुताच्या भीतीनं भाचीला भेटायचं टाळणारी मी नव्हे. मी हुपरीची गाडी पकडली.

बाळी पाळण्यात जागी होती. मला परीक्षाच घ्यायची होती, म्हणून चपला बाहेर काढल्या, बांगड्या मनगटावर घट्ट सारल्या आणि श्वास रोखून आत गेले.

बाळीने मान वळवली.

मी भिंतीच्या कडेने सरकले. तिचे डोळेही सरकले.

"बघतीया!" आई ओरडली. "आत्याला बघतीया की गं!" वहिनी रडत रडत हसत होती. सम्मेद पैंजणाचं काम तसंच टाकून धावत आला.

मी पाळण्यावर वाकले. बाळीची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. खांद्यावरून मागे होती.

ती हसली.

त्या घरात कित्येक महिन्यांनी सगळे एकदम हसत होते. एरवी फटकळ असलेली माझी जीभच उचलली नाही.

सोमवारी सकाळी संस्थेत गेले तर आंधळे उंदीर एकमेकांच्या अंगावर पडून झोपले होते, इतर उंदरांसारखेच. मी पिंजरा हलवला. एकाने जांभई दिली आणि पुन्हा अंग मुडपलं. आधी मला सुटल्यासारखं वाटलं.

दुपारी कोल्हापुरातल्या नेत्रतज्ज्ञांनी बाळीला तपासलं. सम्मेदनेच मला सांगितलं. दोन्ही पडदे कधीच सुटले होते. तिला उजेडसुद्धा कळत नव्हता.

बाळीला घेऊन सगळी हुपरीला परत पोचली असतील अशा बेताने मी घरी फोन लावला. आईने उचलला.

"डॉक्टरला काय कळतंय?" ती म्हणाली. "दिसतंय तिला. आल्यापास्नं कुणाशी तरी खेळल्यागत हसालीया नुसती."

आतल्या खोलीतून बाळीचं रडणं ऐकू आलं.

"आई, तिला जवळ घे. आत्ताच्या आत्ता."

"व्हय, जाती की. ऱ्हा, गप झाली बघ. घेतलं वाटतं कुणीतरी."

"घरात कोण कोण आहे?"

"कोण असणार?" आई म्हणाली. "सम्मेद आन् सून बस्तीत देवदर्शनाला गेल्यात. मी एकटीच हाय की."