दोनशे बारा शिक्क्यांची वही

हिबिनो शोसाकु सापडला तो हाराशिमा मोटर्सच्या पहिल्यावहिल्या गाडीखाली.

कंपनीच्या संग्रहालयात ती तीनचाकी उभी होती आणि तिच्या पोटाखाली जुन्या पद्धतीचा दुरुस्तीचा खड्डा होता, माणूसभर खोल. सकाळी आठ चाळीसला साफसफाईच्या नेमोतोबाईंनी दिवे लावले, तर खड्ड्याच्या तळाशी हिबिनो उताणा पडलेला. डोक्याखाली रक्त.

निरीक्षक मुराकोशी रित्सुको सव्वानऊला पोचली. त्याआधी पाचच मिनिटं डॉक्टरांनी तपासून नकारार्थी मान हलवली होती.

"कधी पडला?" तिनं विचारलं.

"सातच्या सुमारास. पण लगेच गेला नाही. तासभर तरी धुगधुगी होती." डॉक्टरांनी हातमोजे काढले. "आणि स्वतःहून पडलेला नाही. छातीवर दोन तळव्यांचे डाग उमटलेत. कुणीतरी समोरून ढकललंय."

"तेव्हाच कुणी फोन केला असता तर?"

"वाचला असता. बहुतेक."

मुराकोशीनं वर पाहिलं. भिंतभर संस्थापकांचं तैलचित्र होतं. हाराशिमा कुराजिरो, कमरेत वाकलेले, हात मांड्यांवर, चेहऱ्यावर पश्चात्ताप. तोमिहामा शहरातल्या प्रत्येक मुलानं शाळेच्या सहलीत हे चित्र पाहिलेलं होतं. तिनंही पाहिलं होतं, आणि तेव्हाच तिला ते आवडलं नव्हतं.

या शहरात हाराशिमाबद्दल वाकडा शब्द काढणं म्हणजे देवळात थुंकणं. तिच्या वडिलांनी अडतीस वर्षं कंपनीत दारं बसवली. ते गेले तेव्हा कंपनीनं त्यांच्या फोटोपेक्षा मोठं फुलांचं चक्र पाठवलं आणि वर नाव चुकीचं लिहिलं. दुसऱ्याच आठवड्यात मुराकोशीनं वेगळ्या कंपनीची गाडी घेतली. शेजारीपाजारी अजून तिच्या दारावरून जाताना त्या गाडीकडे महारोग्याकडे पाहावं तसं पाहतात.

"बाई," हवालदार ओबातानं हाक मारली. चाळिशीचा, शांत गडी. "हे बघा. वही नाही."

हॉलच्या मधोमध काचेची पेटी होती. आत जांभळी मखमली गादी होती आणि गादीवर चौकोनी खळगा. वही मात्र नव्हती.

ती वही म्हणजे कंपनीचा वेद. १९५२ साली ब्रेकमध्ये खोट निघाली, तेव्हा कुराजिरो म्हणे एकेका गिऱ्हाइकाच्या दारात गेले, वाकून माफी मागितली, गाडी परत घेतली, आणि प्रत्येकानं वहीत नाव-पत्ता लिहून सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का उठवला. असे दोनशे बारा शिक्के. 'हाराशिमा खोटं बोलत नाही' हे वाक्य तिथूनच आलं. तेच वाक्य गाड्यांवर, तेच दूधवाल्याच्या कॅलेंडरवर.

"फोडलीय?" मुराकोशीनं विचारलं.

"नाही ना. किल्लीनं उघडली, वही काढली आणि परत कुलूप लावलं."

"रिकाम्या पेटीला?"

"रिकाम्या पेटीला."

ती नाकातल्या नाकात हसली. "फार टापटिपीचा चोर दिसतो."

किल्ल्या तिघांकडे होत्या. हिबिनो, कंपनीचा इतिहास लिहिणारा संग्रहालयाचा कारकून. त्याची किल्ली त्याच्या गळ्यातच होती. दुसरी अध्यक्ष हाराशिमा मुनेहिसा यांच्याकडे, संस्थापकांचे नातू. तिसरी जनसंपर्क विभागाचे प्रमुख उकाई नोरियाकी यांच्याकडे.

आज कंपनीचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. अकराला मंत्री यायचे होते. अध्यक्ष मंगल कार्याचा पांढरा टाय लावून कोपऱ्यात उभे होते आणि दर मिनिटाला घड्याळ बघत होते. त्यांच्यामागची साहेबमंडळीही पांढऱ्या टायमध्ये. उकाई तेवढे दुखवट्याच्या काळ्या टायमध्ये, हात पुढे बांधून. हॉलमध्ये एवढा एकच माणूस मेल्या माणसाचा मान ठेवतोय, असं ओबाता हळूच म्हणाला.

"सकाळी सातला कुठे होता?" मुराकोशीनं अध्यक्षांना विचारलं.

"घरी. बायको, दोन नोकर, आणि टीव्हीची माणसं. माझी न्याहारी चित्रित करत होते."

"न्याहारी?"

"जनतेला आवडतं." त्यांनी आवाज खाली आणला. "निरीक्षकबाई, हे अकराच्या आत उरकेल ना?"

"माणूस मेलाय."

"म्हणूनच विचारतोय. मंत्र्यांना खड्ड्यावरून चालत नेता येणार नाही."

तिनं वहीत काहीतरी लिहिलं. खरं तर काहीच लिहिलं नाही, नुसती रेघ ओढली, नाहीतर तोंडातून शब्द गेला असता.

उकाई तयार होते. पन्नाशी उलटलेले, भांग चोपून पाडलेला, आवाज मधात बुडवल्यासारखा.

"फार वाईट झालं. पण लपवण्यात अर्थ नाही. हिबिनोचं अलीकडे डोकं ठिकाणावर नव्हतं. वही विकायला काढली असणार त्यानं. संग्राहक असतात ना. साथीदाराशी बाचाबाची झाली असेल."

"तुम्ही कुठे होता?"

"घरी. पावणेनऊला नेमोतोबाईंचा फोन आला, तसाच निघालो."

"हिबिनोशी शेवटचं बोलणं कधी?"

"गेल्या आठवड्यात. शुद्धलेखनाबद्दल."

"वही तुम्ही आज दाखवणार होतात?"

"मंत्र्यांच्या हातात देणार होतो. टीव्हीवर, पान उघडून. देशभर." उकाईंनी डोळे मिटले. "कंपनीवर केवढा हा आघात."

"आणि हिबिनोवर?"

"अर्थात. त्याच्यावरही."

नेमोतोबाई मागच्या खोलीत बादलीवर बसल्या होत्या. साठीच्या. अकरा वर्षं या इमारतीत झाडू मारत होत्या आणि कुठल्याही साहेबाला त्यांचं पहिलं नाव ठाऊक नव्हतं. मुराकोशी त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"फोनवर उकाईसाहेबांना काय सांगितलंत? जसंच्या तसं सांगा."

"म्हटलं, हिबिनोसाहेब पडलेत, ॲम्ब्युलन्स बोलावलीय, लवकर या. मला वाटलं बेशुद्ध आहेत. खाली उतरायचं धाडस नाही झालं." त्यांनी पदराशी चाळा करावा तशी ॲप्रनची कड पिरगाळली. "दहा मिनिटांत उकाईसाहेब आले. ते दारातून येताना त्यांचा काळा टाय पाहिला आणि मी मटकन बसलेच. म्हटलं, आता काही खरं नाही. मग ॲम्ब्युलन्स आली, मग डॉक्टर."

"हिबिनो कसा माणूस होता?"

"मला 'तोकीए-बाई' म्हणायचा." त्यांचे डोळे भरून आले. "बाकीचे म्हणायचे, खिडकीशी बसवलेला म्हातारा, बिनकामाचा. तो मात्र कागदांत बुडालेला. काल माझ्याकडे एक कागद दिला. म्हणाला, उद्या माझी जीभ लुळी पडली तर तू वाचून दाखव. मी म्हटलं, झाडूवालीचं कोण ऐकतंय?"

बादलीतल्या कोरड्या फडक्याखालून त्यांनी घडी केलेला कागद काढला.

जुन्या पत्राची नक्कल होती. ऑक्टोबर १९५२. 'शिराउरा गाव, सेकी फुमी.' तिनं हाराशिमा कंपनीला लिहिलं होतं: ब्रेक लागले नाहीत, नवरा धक्क्यावरून समुद्रात गेला, लहान मुलगी सोबत होती. पत्राखाली कंपनीचं उत्तर होतं. चालकाचा निष्काळजीपणा, कंपनी कोणतीही गाडी परत घेत नाही. सही कुराजिरोची.

मुराकोशीनं ते दोनदा वाचलं. मग वडिलांची आठवण आली, रोज सकाळी आंघोळीच्या टबात कंपनीचं गाणं म्हणणारे वडील.

"ओबाता, दुकान उघडं आहे का इथलं?"

संग्रहालयाच्या दुकानात सेंबेईचे, म्हणजे तांदळाच्या बिस्किटांचे, डबे रचले होते. झाकणावर त्या पवित्र वहीच्या एका पानाचा फोटो छापलेला. घराघरात असतात हे डबे. तिच्या आईच्या ओट्यावरही एक होता, बटणं ठेवायला. वहीच्या पानावर वर तारीख: नोव्हेंबर १९५२. खाली सहा नावं, सहा पत्ते, सहा लाल शिक्के. 'तोमिहामा शहर, शिराउरा.' 'तोमिहामा शहर, किताओका.' सहाही जण असेच.

"चला," ती म्हणाली. "आणि ओबाता, आधी उकाईंच्या गाडीची डिकी बघून या. अध्यक्षांची परवानगी माझ्यासमोरच घ्या. गाडी कंपनीचीच आहे."

साडेदहाला सगळे तैलचित्राखाली गोळा झाले. अध्यक्षांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

"थोडक्यात सांगते," मुराकोशी म्हणाली, "तुमचे मंत्री उन्हात उभे राहायला नकोत." तिनं सेंबेईचा डबा काचेच्या पेटीवर ठेवला. "हाराशिमासाहेब, तोमिहामा शहर कधी झालं?"

"स्टेशनवर पाटी आहे. छप्पन्न साली. तीन गावं मिळून."

"म्हणजे बावन्न साली हे शहरच नव्हतं. शिराउरा गाव होतं, किताओका गाव होतं. मग बावन्न सालच्या या सहा जणांनी पुढे चार वर्षांनी जन्मणाऱ्या शहराचा पत्ता कसा लिहिला?"

अध्यक्षांनी डबा उचलून झाकण डोळ्यांजवळ नेलं.

"वही खोटी आहे. दोनशे बारा दारं नव्हती, माफी नव्हती. एक विधवा होती, आणि तिला मिळालेलं उत्तर हे." तिनं कागद पुढे केला. अध्यक्षांनी तो घेतला नाही. "नंतर कधीतरी कंपनीला पुण्याई हवी होती, तेव्हा कुणीतरी शिक्के कोरून घेतले. इतकी वर्षं हे तुम्ही शाळेच्या पोरांना दाखवलंत, बिस्किटांबरोबर विकलंत. कुणी पत्ता वाचला नाही. वाचला तो एका कारकुनानं. तो तुमच्यातल्या एकाला म्हणाला, ही वही टीव्हीवर जाऊ देऊ नका. त्या माणसानं आज सातला त्याला इथे बोलावलं, शब्दाला शब्द वाढला आणि त्यानं त्याला ढकललं. मग वही काढली आणि पेटीला पुन्हा कुलूप लावलं. चोर असं करत नाही. वस्तू आपलीच आहे असं मानणारा माणूस करतो."

"किल्ली माझ्याकडेही आहे," अध्यक्ष घाईनं म्हणाले.

"तुम्ही न्याहारी करत होतात. सगळा देश बघणार आहे." ती उकाईंकडे वळली. "आज मंगल दिवस. घरून निघताना तुम्ही पांढरा टाय लावायला हवा होता. फोनवर तुम्हाला कळलं एवढंच, की हिबिनो पडलाय. तुम्ही नऊच्या आत दारातून आलात. तो गेल्याचं डॉक्टरांनी नऊ दहाला सांगितलं. मग उकाईसाहेब, हा काळा टाय कुणासाठी बांधलात?"

उकाईंचा हात आपोआप गाठीकडे गेला.

"मी... खबरदारी म्हणून..."

"तासभर जिवंत होता तो. त्या तासात तुम्ही घरी गेलात, भांग पाडलात आणि त्याचा दुखवटा गळ्यात बांधलात. फोन मात्र केला नाहीत."

दारातून ओबाता आला. हातात रेशमी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. डिकीत, जादा चाकाच्या खळग्यात मिळालं होतं. फडक्याचा पदर सुटला आणि वही दिसली.

"जाळली का नाहीत?" मुराकोशीनं विचारलं. हे तिला खरंच कळत नव्हतं.

उकाईंच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाणी आलं. "ती कशी जाळू? ती संस्थापकांची वही आहे."

"खोटी आहे ती."

"म्हणून काय झालं?"

नेमोतोबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि कुणाला न विचारता तो पत्राचा कागद मुराकोशीच्या हातातून घेऊन मोठ्यानं वाचू लागल्या. अध्यक्ष म्हणाले, "बाई, आत्ता नको." त्या थांबल्या नाहीत. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, सहीसकट. तोवर मंत्र्यांची गाडी फाटकात आली होती आणि टीव्हीचा कॅमेरा आत वळला होता.

दुपारी ठाण्यात उकाईंनी सगळं कबूल केलं, व्यवस्थित, परिच्छेद पाडून. टाय, पट्टा, बुटांचे बंद काढून घेतले होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कंपनीनं निवेदन काढलं का?"

मुराकोशीनं फोनवरून वाचून दाखवलं. "'या घटनेतील इसम काल संध्याकाळपासून कंपनीच्या सेवेत नाही. जनतेला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.' काल संध्याकाळपासून! हिबिनोचं नावही नाही."

उकाईंनी डोळे मिटून ऐकलं. कपाळावर आठी पडली.

"'अंतःकरणपूर्वक' चुकलं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी नुसतं 'क्षमा मागतो' म्हणायचं. अंतःकरण दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवायचं. कितीदा शिकवलं मी त्यांना."

मुराकोशीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्यासाठी मागवलेला चहा टेबलावर निवत होता. तिनं तो कप आपल्याकडे ओढला, उभ्याउभ्या पिऊन टाकला आणि ओबाताला हाक मारली.