खिशातला फ्यूज

बहात्तरचा ऑगस्ट. पावसानं तोंड फिरवलं होतं आणि सीनेच्या कोरड्या पात्रात पोरं विटीदांडू खेळत होती. तरी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून नगरच्या पुलावर रोषणाई आणि शोभेचं दारूकाम ठरलं. दिव्यांच्या माळा लावायचं काम माझ्याकडं आलं. मी एलिया, हंगामी वायरमन. संध्याकाळ नीट पार पडली तर कायम करतो, असा साहेबांचा शब्द होता.

काम चालू असताना विजेच्या पेटीतला चिनीमातीचा फ्यूज काढून खिशात ठेवायचा, म्हणजे कुणी चुकून खटका दाबला तरी वर चढलेल्याला धोका नाही. त्यानं खाली उतरून "हात मोकळा!" अशी हाक दिली, की मगच फ्यूज बसवायचा. हे मला आमच्या जुन्या वायरमननं, गहिनीनाथदादानं शिकवलं. गेल्या साली याच पुलाच्या पलीकडच्या खांबावर शॉक लागून दादा गेला. त्या दिवशी फ्यूज माझ्या खिशात असायला हवा होता. मी विसरलो होतो. हे माझ्या बायकोशिवाय, मरियाशिवाय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

सातला मी खटका दाबला आणि चारशे दिवे एकदम लागले. पलीकडं भुईनळे उसळले, बाण सुटले, गंधकाचा वास पसरला. माणसं नुसती खूष होती. मरिया कठड्याला टेकून हसत होती.

"अवं, कोरड्या नदीलाबी रूप आलं बगा!"

वर्षभरात पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं. दादानं पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती, असंही मनात आलं.

तेवढ्यात एक बाण वाकडा आला. माझ्या डोक्यावरची माळ तुटली आणि उघडी वायर लोखंडी कठड्यावर कोसळली. मरियाचा हात कठड्यावरच होता.

त्याच क्षणी सगळे दिवे गेले.

"हात काढ!" मी किंचाळलो.

"मला काय न्हाई झालं," ती म्हणाली. "वायर टेकायच्या आदीच लाईट गेल्ती."

फ्यूज काढायला मी पेटीकडं धावलो. पेटी उघडली. फ्यूजची जागा रिकामी होती.

खिशात हात घातला. फ्यूज तिथंच होता, दुपारी ठेवला तसा. बसवायला मी विसरलो होतो. पुन्हा विसरलो होतो.

मग इतका वेळ दिवे कशावर जळत होते?

फ्यूज तसाच खिशात ठेवून मी वर चढलो आणि वायर बांधली. खाली उतरलो. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "हात मोकळा."

अख्खा पूल उजळला.

लोकांनी टाळ्या पिटल्या. साहेब लांबूनच ओरडले, "एलिया, कायम झालास!"

गर्दी पांगली तेव्हा मी मूठ उघडून मरियाला फ्यूज दाखवला. तिनं पेटीतल्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मी खटका बंद केला.

दिवे तसेच होते.

"दादाला सांगा," मरिया हळूच म्हणाली. "लई वेळ धरलं त्यांनी."

मी पेटीवर वाकलो. "दादा, सोड आता हात."

दिवे विझू लागले. एकदम नाही, माझ्या बाजूनं एकेक करत, सावकाश. सगळ्यात शेवटी विझला तो पलीकडच्या खांबावरचा.