बाहेरची कडी

ही गोष्ट बेसा रोडच्या पुढे जी नवीन घरं झाली आहेत ना, तिथली. दुपारचे बारा वाजले की दामिनी जेवणाचा डबा घेऊन जिना उतरायची. खाली यमुताई राहायच्या, एकट्याच. मुलगा पुण्यात. यमुताईंचा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा त्याने फोनवर दामिनीला हात जोडले, आईला तेवढं जेवण द्या म्हणाला. ती हो म्हणाली. शेजारधर्म म्हणा, नाहीतर नाही म्हणायची लाज म्हणा.

तिचा नवरा सुशील कळमेश्वरच्या कंपनीत अडकला होता. कामगारांना आतच ठेवून घेतलं होतं. वर दामिनी आणि अडीच वर्षांची अदिती, दोघीच. मे महिन्याचं ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही दिसेना. आवाज एकच, लांबून येणाऱ्या ॲम्बुलन्सचा. तो आला की दामिनी पोरीच्या कपाळाला हात लावून बघायची.

यमुताई खिडकीच्या गजांतून डबा घ्यायच्या, धुऊन परत द्यायच्या, आणि आत चिमूटभर साखर ठेवायच्या. रिकामा डबा परत देऊ नये, ही त्यांची जुनी रीत. आजाराआधी तीच साखर त्या रोज अदितीच्या तळहातावर ठेवत. दामिनी आता ती मोरीत ओतायची आणि डबा उकळत्या पाण्यात टाकायची.

एक दिवस भाजी फोडणीला टाकून वळते तर अदिती घरात नाही. धावत खाली गेली. यमुताई दार किलकिलं करून उभ्या होत्या, पदर नाकाशी धरलेला, आणि पोरगी ओठ चाटत होती. दामिनीने तिला ओढत वर नेलं, तोंडात बोट घालून ओकायला लावलं. मग परत खाली जाऊन यमुताईंच्या दाराला बाहेरून कडी घातली.

"कडी काहून लावली वं, दामिनी?" आतून आवाज आला. त्यात राग नव्हता.

"तुमच्याच भल्यासाठी हाय, यमुताई. बरं वाटलं की काढून देईन."

"बरं बाई... लेकराले जप."

त्याच संध्याकाळी अदितीचं अंग तापलं. दामिनीने देवापुढे हात जोडले आणि मनाशी ठरवलं, आता खाली पाय ठेवायचा नाही. म्हातारीच्या घरात पोहे-बिहे असतीलच.

दुसऱ्या दिवशी बाराला खालून आवाज आला. डब्याचं झाकण गजावर वाजत होतं. टण... टण... मध्ये थांबून परत टण. दामिनीने कूलर फुल केला. त्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही, हे बरं. पुण्याहून फोन आला, आई फोन उचलत नाही म्हणून. चार्ज नसेल, आत्ताच जेवल्या, असं तिने सांगून टाकलं. पोरीचा ताप आठवडाभर राहिला, तोवर कूलर चालूच राहिला. तरी बाराला तो आवाज यायचाच, आणि रोज थोडा जवळून यायचा.

ताप उतरला, त्या दिवशी कूलरच्या ओल्या गवताच्या वासात दुसराच एक वास मिसळून येत होता.

दामिनीने आधी खाली जाऊन हळूच कडी काढली. मग ॲम्बुलन्सला फोन केला. गाडी आली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं आत गेली. त्यांतला एक म्हणाला, बाईले जाऊन चार-पाच दिवस झाले असतील.

"असं कसं? काल तर डबा वाजवून राहिल्या होत्या..." दामिनी बोलून गेली.

त्याने वळून पाहिलं. "कोण?"

दाराशी जमिनीवर डबा होता. लख्ख धुतलेला, आत चिमूटभर साखर. दामिनीने तो त्यांच्याच गाडीत टाकायला लावला. खालच्या दाराला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी ती पोळ्या लाटत होती. बारा वाजले, आणि मागे कडी सरकली. तिच्याच दाराची, बाहेरून. तिने दार ओढलं, लाथा मारल्या, हाका मारल्या. पण ते दिवस असे होते की कोणाची हाक ऐकली की लोक खिडक्या लावून घेत. घरात अदिती नव्हती. खालून तिचं हसू येत होतं.

ऊन कललं तेव्हा दार आपसूक उघडलं. पोरगी त्या कुलूपबंद दारापुढे बसली होती. ओठांना साखर.

"चाल, जेवून घे."

अदितीने तोंड फिरवलं. "आजीनं दिलं."

मग ते रोजचंच झालं. आईच्या हातचा घास पोरगी थुंकून टाकायची. तरी वाळली नाही, उलट गालावर तेज आलं. दामिनीच्याच घशाखाली अन्न उतरेना.

सुशील घरी आला तेव्हा तिने सगळं सांगितलं, खालच्या कडीचं सोडून. एकटी राहून डोकं फिरलं तुझं, म्हणाला तो. तरी बायकोच्या समाधानासाठी त्याने पेचकस घेतला, स्क्रू सोडवून बाहेरची कडी काढली आणि बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर फेकून दिली. "आता कोण लावते ते पाहू."

पुढच्या दिवशी तो कुहीला आईला भेटायला गेला. दामिनी अदितीला मांडीवर घट्ट धरून दाराकडे बघत बसली. बारा वाजले. कडी सरकली. दाराला कडीच नव्हती, तरी सरकली. दामिनीने खाली पाहिलं तर मांडीवर नुसतं दुपटं होतं.

दार हलेना. ती तिथेच कान लावून बसली.

"आई..." खालून अदितीचा लाडिक आवाज आला. "आजी विचारते... कडी काहून लावली वं?"

संध्याकाळी सुशीलने दार ढकललं. नुसतं लोटलेलं होतं, म्हणाला. त्याने अदितीला जिन्याखालून उचलून आणलं होतं. मग तो दारापाशीच वाकून बघत राहिला. कडी काढल्याची दोन भोकं होती, तिथे मुंग्यांची रांग लागली होती. त्याने काडी घालून पाहिली. दोन्ही भोकं साखरेने भरली होती. साखर ओली होती... आणि कोणीतरी आत्ताच बोटाने दाबून बसवल्यासारखी.